टक्कर आणि टाकीवरचं मूल

कॅरमचा स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा, सोंगटी साधारण ५ ग्रॅमची. स्ट्रायकर स्थिर सोंगटीवर अगदी समोरून आदळला आणि ऊर्जा वाया गेली नाही असं धरलं, तर त्याचा वेग निम्मा होतो आणि सोंगटी त्याच्या मूळ वेगाच्या दीडपटीने सुटते. हिशेब करा. आधी १५ गुणिले १. नंतर १५ गुणिले अर्धा, अधिक ५ गुणिले दीड, म्हणजे साडेसात आणि साडेसात. बेरीज तीच! वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. टकरीत दोघांचा मिळून संवेग बदलत नाही. नववीच्या मुलांना आम्ही हे फळ्यापेक्षा कॅरमवर लवकर पटवतो.

इब्न सीना (९८०–१०३७) यांनी लिहिलं होतं की फेकलेल्या वस्तूला मिळालेला ‘मैल’ अडथळा नसेल तर संपत नाही. तो संवेग नव्हे, पण विचाराची वाट तीच.

आता रस्त्यावर या. ईदला नानीकडे निघालेली मोटारसायकल: अब्बू, मागे अम्मी, तिच्या मांडीवर धाकटं, टाकीवर थोरलं. (चालकाशिवाय एकच माणूस बसवावा हा कायदा ईदच्या दिवशी कुणाला आठवतो?) सगळं मिळून ३०० किलो. समोरून १२,००० किलोचा ट्रक. टकरीत दोघांच्या संवेगात सारखाच फरक पडतो, उलट दिशांनी. म्हणून ट्रकचा वेग ताशी १ किलोमीटरने घटला, तर मोटारसायकलचा ४० ने बदलतो. चूक कुणाची होती, हे या गणितात कुठेच येत नाही.

“मी घट्ट धरते ना,” असं अम्मी म्हणते. १२ किलोचं मूल ताशी ४० च्या वेगावरून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबवायला सव्वाशे किलोहून जास्त वजन पेलण्याइतका जोर लागतो. कोणत्या आईच्या हातांत तो असतो?

हेल्मेट संवेग नाहीसा करत नाही. आतला थर दबतो, डोकं थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो आणि तेवढा मार कमी बसतो. चार वर्षांखालचं मूल मागे बसवलं, तर त्याला हेल्मेट, चालकाशी बांधणारा सुरक्षा-पट्टा आणि ताशी ४० ची मर्यादा, हा नियम २०२३ पासून लागू आहे. लहान मापाची हेल्मेटं मिळतात. घेताना मुलाला सोबत न्या. सैल हेल्मेट पहिल्याच धक्क्याला निघून जातं.