विमान आपलें, एंजिन कोणाचें?

१७ ऑक्टोबर २०२५ रोजीं नाशिकजवळील ओझरच्या कारखान्यांत बांधलेलें पहिलें तेजस लढाऊ विमान समारंभपूर्वक आकाशांत झेपावलें, तेव्हां आम्हांस अभिमान वाटला; तो अजूनहि वाटतो. परंतु त्या विमानाच्या पोटांतील एंजिन अमेरिकेंत तयार झालेलें आहे, ही गोष्ट वाचकांनीं दृष्टीआड करूं नये.

ही उणीव आजची नव्हे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४० सालीं बंगळूर येथें विमानांचा कारखाना काढला. तेथेंच पुढें जर्मन तज्ज्ञ कुर्ट टांक यांच्या देखरेखीखालीं 'मरुत' हें विमान आंखलें गेलें व १७ जून १९६१ रोजीं उडालें. त्याची घडण ध्वनीहूनहि अधिक वेगासाठीं योजिलेली होती. पण तितक्या जोराचें एंजिन त्यास कधींच लाभलें नाहीं. ज्या ब्रिटिश एंजिनावर भिस्त होती, त्याच्या सुधारणेचा खर्च उचलण्यास आपलें सरकार तयार झालें नाहीं. एकंदर १४७ विमानें झालीं. १९७१ सालीं लोंगेवाल्याच्या वाळवंटांत त्यांनीं पराक्रमहि गाजविला. मात्र दुसऱ्या स्वदेशी विमानाचें आरेखन लगेच हातीं न घेतल्यामुळें शिकलेले हात पांगले, आणि तेजस प्रथम उडण्यास २००१ साल उजाडलें. पैसे वांचले खरे!

एंजिनांत एवढें कठीण तें काय, असें कोणी विचारील. टर्बाइनच्या पात्यांभोंवतीं खेळणारा वायु इतका तप्त असतो कीं, त्या उष्णतेनें पात्यांचा धातु वितळून जावा. म्हणून पात्यांस बारीक छिद्रें ठेवून त्यांतून हवा खेळवितात, आणि सबंध पातें एकाच स्फटिकाचें ओततात. ही विद्या सहसा कोणी विकत देत नाहीं. आपल्या 'कावेरी' एंजिनाचें काम १९८९ सालीं सुरू झालें. पुरेसा जोर न मिळाल्यानें २००८ सालीं तें तेजसपासून वेगळें काढण्यांत आलें. तो खर्च व्यर्थ गेला असें म्हणणारे पुष्कळ आहेत. आमच्या मतें खर्च फार झाला हा दोष नव्हे; तो थोडा झाला, आणि अडखळत झाला. २०२१ सालीं मागविलेलीं ८३ तेजस विमानें वेळेवर मिळालीं नाहींत, त्याचें एक कारण परदेशची एंजिनें उशिरां आलीं हेंच होतें.

पालकांस एक विनंति. आपली मुलगी धातुशास्त्र शिकूं म्हणाली, किंवा मुलानें ओतशाळेंत हात काळे करावयाचें ठरविलें, तर त्यांस पंख्याखालच्या खुर्चीचा मोह घालूं नये.