फवारणी नेमकी कोणावर?

सन २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस यवतमाळ जिल्ह्यातील रुग्णालयांत एक विलक्षण रांग लागली होती. कोणाला दिसेनासे झाले होते, कोणी उलट्यांनी बेजार होते, कोणाला श्वास घेणे अशक्य झाले होते. हे सारे कपाशीवर कीटकनाशक फवारून आलेले शेतकरी व शेतमजूर होते. त्या एका हंगामात, एकट्या यवतमाळ जिल्ह्यात, वीसहून अधिक माणसे दगावली आणि विषबाधितांची संख्या कित्येक शेकड्यांवर गेली. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातील कपाशीची बोंडे आतून पोखरून टाकली. म्हणजे ज्या शेतात माणसे विषाने मेली, त्या शेतात अळी मात्र सुखरूप होती. या विरोधाभासाचा जाब कोणाला विचारायचा?

त्या वेळी दिले गेलेले उत्तर मोठे सोयीचे होते. मजुरांनी हातमोजे घातले नाहीत, तोंडाला मुखपट्टी बांधली नाही, दोन-तीन औषधे परस्पर मिसळली, वाऱ्याच्या दिशेचे भान ठेवले नाही, अशी यादीच वाचून दाखविण्यात आली. यातील एकही गोष्ट असत्य नाही. परंतु विदर्भातील आश्विनाच्या उन्हात, पुरुषभर उंच वाढलेल्या पऱ्हाटीत, पाठीवर भरलेला पंप घेऊन रोजंदारीवर राबणाऱ्या माणसाने जाड पोशाख चढवून दिवसभर काम करावे, ही अपेक्षा बाळगणाऱ्यांनी एक दिवस तो प्रयोग स्वतः करून पाहावा! मोनोक्रोटोफॉससारखे विष खुल्या बाजारात विकू द्यायचे आणि ते अंगावर उडाले तर दोष उघड्या हातांना द्यायचा, ही न्यायाची रीत नव्हे. याच विषाने २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या माध्यान्ह भोजनातून २३ बालकांचा बळी घेतला होता. तरीही त्याच्या सर्वाधिक वापरातल्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश निघायला २०२३ साल उजाडावे लागले, आणि त्यातही शिल्लक माल खपविण्यासाठी मुदत दिली गेली. बालकांच्या मृत्यूनंतर दहा वर्षे आणि वर दुकानदाराच्या गोदामाची काळजी!

पण विषाची तीव्रता हा प्रश्नाचा एक भाग झाला. त्याहून मूलभूत प्रश्न असा की, हे विष तेथे कामाचे तरी होते काय? गुलाबी बोंडअळीची मादी पात्या, फुले व कोवळी बोंडे यांच्या आसऱ्याने अंडी घालते. अंड्यातून निघालेली सूक्ष्म अळी अल्पावधीतच फुलात वा बोंडात शिरते, मागे राहिलेले छिद्र बुजून जाते आणि पुढचे सारे आयुष्य ती आत, सरकी खात काढते. बाहेरून बोंड हिरवेगार व निरोगी दिसते. शेतकऱ्याला कीड दिसते ती बोंड फुटून कवडीचा कापूस बाहेर पडल्यावर. त्या वेळी पंप पाठीला लावणे म्हणजे चोर घरात शिरून आतून कडी लावून बसल्यावर अंगणात काठ्या आपटण्यासारखे आहे. फवारा अळीपर्यंत पोहोचत नाही. तो पोहोचतो मित्रकीटकांपर्यंत, पाण्यापर्यंत आणि फवारणाऱ्याच्या फुप्फुसांपर्यंत.

ही अळी परदेशातून आलेली नाही. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ सालचे असून ते भडोचच्या कपाशीवरील नमुन्यांवरून केले गेले होते. ती या भूमीला जुनीच परिचित आहे. मग तिला एवढे बळ कोठून आले?

२६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने बीटी कपाशीच्या तीन संकरित वाणांना मान्यता दिली. जमिनीतील एका जिवाणूचे जनुक कपाशीत घालून झाडातच अळीचे विष तयार करण्याची ही युक्ती होती. प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे की, प्रारंभीच्या वर्षांत तिने हिरव्या बोंडअळीचा कहर आटोक्यात आणला. नव्वदच्या दशकात त्या अळीने शेतकऱ्याला फवारणीच्या कर्जात बुडविले होते, त्यामुळे नवे बियाणे त्याने डोळे झाकून स्वीकारले, यात नवल ते काय? ४५० ग्रॅमच्या एका पाकिटाला तेव्हा सोळाशे रुपयांहून अधिक दाम पडत होते व त्यातील मोठा वाटा तंत्रज्ञानाच्या स्वामित्वशुल्काचा होता. २००६ साली आंध्र प्रदेश सरकारने लढा दिला, तेव्हा कोठे भाव निम्म्याखाली आला. त्याच वर्षी दोन जनुकांचे दुसऱ्या पिढीचे बियाणे बाजारात उतरले. पहिल्या जनुकाला गुजरातेतील गुलाबी अळी जुमानत नसल्याची कबुली २०१० साली खुद्द कंपनीनेच दिली. दशक अर्धे सरण्यापूर्वी दुसरे जनुकही तेथे निष्प्रभ ठरले. २०१७ मध्ये विदर्भात जे घडले ते अकस्मात नव्हते. ते गुजरातेतून चालत आले होते, आणि येताना सर्वांना दिसत होते.

हे अटळ होते काय? नव्हते. अमेरिकेतही बीटी कपाशी होती आणि गुलाबी बोंडअळीही होती. तेथे बीटीबरोबरच कामगंधाचा वापर, कोट्यवधी नपुंसक पतंग सोडणे व हंगाम संपताच पऱ्हाट्या गाडणे या उपायांची सक्तीने सांगड घातली गेली आणि २०१८ च्या ऑक्टोबरात त्या देशाने आपल्या कपाशीतून या अळीचे उच्चाटन झाल्याचे घोषित केले. तंत्र तेच, मग फळ इतके निराळे कसे?

भेदाचे मूळ बियाण्याच्या स्वरूपात आहे. अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलिया या देशांत बीटी जनुक प्रामुख्याने सरळ वाणांत आले. आपल्याकडे ते जवळजवळ सर्वस्वी संकरित वाणांतच घातले गेले. सरळ वाणाचे बी शेतकरी घरी राखू शकतो. संकरिताचे बी दरवर्षी दुकानातून आणावे लागते. व्यापाराच्या दृष्टीने याहून पक्के कुलूप दुसरे नाही. पण या कुलपाने अळीचे दार मात्र उघडले. संकरित झाडात जनुक एका बाजूच्या पालकाकडून आलेले असते, म्हणून त्याच्या बोंडातील सरकीत ते विभागले जाते. दोन जनुकांच्या वाणात सोळा बियांपैकी सरासरी नऊत दोन्ही जनुके, सहांत एकच आणि एकीत एकही नाही, असा मेंडेलचा हिशेब आहे. गुलाबी अळी नेमकी सरकी खाते. म्हणजे एकाच बोंडात तिला पूर्ण विष, अर्धे विष आणि निर्विष अन्न असे पंचपक्वान्नांचे ताटच वाढले गेले! प्रतिकारशक्ती कमावण्यासाठी याहून चांगली तालीम कोणती? नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. केशव क्रांती यांनी हा धोका वारंवार मांडला आहे. त्यात भर पडली लांबलेल्या हंगामाची. संकरित कपाशी सहा महिने आणि त्याहून अधिक उभी राहते, वर फरदड घेण्याचा मोह असतो. अळीला सलग पिढ्यांचे घर मिळते.

नियमाप्रमाणे प्रत्येक पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणे दिले जात होते. ते कडेच्या ओळींत लावावयाचे, म्हणजे तेथील दुबळ्या अळ्यांशी संकर होऊन प्रतिकार मंदावेल. हिरवी अळी तूर-हरभऱ्यावरही जगते, गुलाबी अळीला मात्र कपाशीखेरीज बहुधा आसरा नसतो, म्हणून तिच्या बाबतीत ही कडेची ओळ प्राणभूत होती. प्रत्यक्षात ती पाकिटे बांधावर फेकली गेली. दोष शेतकऱ्याला दिला गेला. दोन एकरांच्या कोरडवाहू मालकाने पाचव्या हिश्शावर अळीसाठी पीक सोडावे, हे त्याला समजावून सांगण्यासाठी कृषी खात्याचा किती वेळ खर्ची पडला, हे मात्र कोणी विचारले नाही.

तथापि सारे खापर परक्या कंपनीवर फोडून मोकळे होणे हीही आत्मवंचनाच ठरेल. जगातील पहिली व्यापारी संकरित कपाशी, १९७० सालची ‘संकर-४’, सुरतेत डॉ. सी. टी. पटेल यांनी सिद्ध केली. संकराचा मार्ग आपणच दाखविला. पुढे सार्वजनिक संस्थांनी घरी बी राखता येईल असे ‘बिकानेरी नरमा’ हे बीटी सरळ वाण बाहेर काढले, तेव्हा स्वदेशी पर्यायाची आशा पल्लवित झाली होती. परंतु त्यात परकीय कंपनीचेच जनुक मिसळलेले आढळले आणि २००९ अखेर ते मागे घ्यावे लागले. स्वदेशीचा घोष करणाऱ्यांनी या नामुष्कीवर जेवढे बोलावयास हवे होते, तेवढे कोणी बोलले नाही. त्या एका हलगर्जीपणाने शेतकऱ्याची जी वर्षे वाया गेली, त्यांचे मोल कोणत्याही स्वामित्वशुल्काहून कमी नाही.

दशपर्णी अर्काची कढई चढविली की बोंडअळी पळते, असे व्यासपीठांवरून सांगणाऱ्यांनीही जरा थांबावे. निंबोळीचा ५ टक्के अर्क मावा, तुडतुडे व कोवळ्या अळ्यांवर उपयुक्त आहे. पण बंद बोंडात तोही शिरत नाही. देशी कपाशीला बोंडअळी लागतच नाही, हेही खरे नाही. तिचे सामर्थ्य अन्यत्र आहे. रस शोषणाऱ्या किडींना ती संकरितांपेक्षा चांगली तोंड देते, खोल मुळांमुळे कोरड्यात तग धरते, बी घरचे राहते, आणि तिचे लवकर येणारे वाण पेरले तर अळीचा भर येण्याआधी वेचणी उरकते. परभणी व अकोल्याच्या विद्यापीठांनी ‘परभणी तुराब’, ‘एकेए-७’ असे देशी वाण दिलेले आहेत. त्यांच्या बियाण्याची पोती तालुक्याच्या दुकानात का दिसत नाहीत, याचे उत्तर कीटकशास्त्रात नाही, दुकानदाराच्या नफ्यात आहे.

उपाय अज्ञात नाहीत. हंगामपूर्व लागवड टाळावी. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून रोज पतंग मोजावेत, आणि सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ पतंग आले तरच पुढचे पाऊल उचलावे. डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट कराव्यात. ट्रायकोकार्डे लावून अंड्यांवरील परोपजीवी गांधीलमाशी शेतात सोडावी. डिसेंबरअखेर शेत मोकळे करावे, फरदड घेऊ नये, पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर रचू नयेत, आणि जिनिंगच्या आवारातही सापळे लावावेत, कारण सुप्त अळी सरकीबरोबर तेथेच दडते. यातील बहुतेक कामांत पाठीवर पंप लागत नाही.

मात्र यातले एकही काम एकट्याच्या शेतात फळत नाही. शेजाऱ्याची फरदड मार्चपर्यंत उभी असेल, तर याच्या सापळ्यांचा उपयोग काय? हे काम गावाचे आहे. आणि फरदडीतून येणारा दोन-चार क्विंटल कापूस म्हणजे कोरडवाहू घराचा उन्हाळ्याचा किराणा असतो. तो सोडा म्हणताना शासनाने त्या जागी हरभऱ्याचे बी, संरक्षित पाण्याची एक पाळी आणि हमीभावाची खरेदी उभी केली पाहिजे. यवतमाळनंतर हातमोजे व चष्म्यांच्या पेट्या वाटल्या गेल्या. त्याच तत्परतेने जूनच्या आरंभी गावोगाव कामगंध सापळे आणि लवकर येणाऱ्या सरळ वाणांचे बियाणे पोहोचविता येते. दुकानाच्या फळीवरचा विषाचा डबा मात्र पेरणीच्या आधीच तेथे येऊन बसलेला असतो, आणि अळी दिसली की कोणता डबा न्यायचा हे आजही दुकानदारच सांगतो.