चिमण्या गेल्या, टॉवर आले. गिरणगावचा हिशोब मात्र बाकी आहे

सकाळी नऊच्या सुमारास लोअर परळ स्टेशनातून बाहेर पडून सेनापती बापट मार्गाला लागा. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली हजारो माणसं काचेच्या इमारतींकडे निघालेली दिसतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी याच वेळेला इथे गिरणीचा भोंगा व्हायचा. गर्दी तेव्हाही होती. फरक एवढाच, की तेव्हाची गर्दी काम संपल्यावर चालत घरी जायची. आजची गर्दी विरार, कल्याण, मुंब्र्याहून येते.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी ताडदेवला उभारली. ती १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळीपर्यंत गिरण्या पसरल्या. इमारतीही कामाच्या गरजेतून घडल्या. बसके शेड, करवतीच्या दातांसारखी छपरं, त्यातून येणारा उत्तरेचा सौम्य उजेड आणि वर उंच चिमणी. हाकेच्या अंतरावर चाळ.

या इतिहासात आपण कुठे आहोत?

गिरणगाव म्हटलं की कोकण-घाटावरचा मराठी कामगार डोळ्यांसमोर येतो, आणि ते बरोबरच आहे. पण मदनपुरा, नागपाड्यातला मोमीन विणकरही याच कहाणीचा भाग आहे. उत्तर भारतातला हातमागाचा धंदा बसला, तेव्हा ही कुटुंबं मुंबईला आली आणि गिरण्यांच्या विणकाम खात्यात उभी राहिली. मालकांमध्ये सर करीमभाई इब्राहिम यांचं खोजा घराणं होतं. त्यांच्या समूहाकडे अनेक गिरण्या होत्या. १९३३ च्या सुमारास तो कोसळला. आणि कामगारांच्या सभा गाजवणारे शाहीर अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, हे नव्या पिढीला सांगावं लागतं.

जुनं सगळं गोड होतं, असं आम्ही म्हणणार नाही. विणकाम खात्यात मराठा आणि मुसलमान कामगार होते, दलितांना मात्र तिथे मज्जाव होता. धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होतो, हे त्याचं कारण. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. १८९३ च्या दंगलीत गिरणी कामगारही ओढले गेले होते. तरीही एकाच खात्यात, एकाच पगारासाठी, एकाच संपात उभं राहण्याची जागा होती. ती जागा गेली, याचं मोल आपल्याला नंतर कळलं.

जमीन कुणाच्या वाट्याला?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या काळात बरंच कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून घेतलं जाऊ लागलं. तिथे मागावर उभा असलेला माणूस बहुतेकदा आपल्याच बिरादरीतला, पण ना युनियन, ना प्रॉव्हिडंट फंड. म्हणजे कापड बंद झालं नाही, कामगाराचे हक्क तेवढे गेले.

मग प्रश्न आला ५८ गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीचा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ढोबळमानाने तीन वाटे ठरले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. शेडखालची जमीन वाटणीतून वगळली गेली आणि फक्त मूळच्या मोकळ्या जमिनीचेच वाटे उरले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याविरोधात निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. २००५ च्या लिलावांत ज्युपिटर मिल २७६ कोटींना गेली, मुंबई टेक्स्टाईल मिल ७०२ कोटींना, तर दादरची कोहिनूर मिल नंबर तीन ४२१ कोटींना. ज्युपिटरच्या जागी काचेची कार्यालयं आली, श्रीनिवास मिलवर ७६ मजल्यांचा वर्ल्ड वन उभा राहिला. फिनिक्सची चिमणी आता मॉलची शोभा झाली आहे.

मजले वाढले, रस्ते आणि पूल मात्र तेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. त्याच वर्षी डिसेंबरात कमला मिलच्या आगीत १४ जण दगावले. अपघात म्हणून या घटना सोडून देता येणार नाहीत. नियोजन म्हणून एकेका प्लॉटकडे पाहिलं, परिसराकडे कुणी पाहिलंच नाही.

आता काय?

कामगार आणि वारसांचे दीड लाखाहून जास्त अर्ज आहेत. २०१२ पासून २०२० पर्यंतच्या सोडतींत निघाली जेमतेम सोळा हजार घरं. बाकीच्यांना शेलू-वांगणीला पाठवण्याची योजना आहे. मुंबईतच घर द्या, म्हणून ९ जुलै २०२५ रोजी कामगार आझाद मैदानात उतरले. ही मागणी अवाजवी नाही. एनटीसीची परळची टाटा मिलसारखी काही युनिट २०२० च्या लॉकडाऊनपर्यंत चालू होती. ही जमीन सरकारी आहे. तिथे तरी आधी कामगाराचा वाटा काढा आणि मग टॉवरचं बघा.

आपल्या समाजासाठी यात आणखी एक मुद्दा आहे. खाजगी बाजारात नाव ऐकून घर नाकारलं जातं, हा अनुभव आपल्यातल्या अनेकांच्या गाठीशी आहे. सोडतीत नाव विचारलं जात नाही, अर्जाचा क्रमांक निघतो. पण १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर अब्बा, दादा, नाना गिरणीत कामाला होते, हे कागदावर दाखवावं लागतं. तिकीट नंबर, इएसआयसी कार्ड, फंडाची पावती, सर्व्हिस प्रमाणपत्र यातलं काय घरात आहे? नाव एका कागदावर ‘शेख’, दुसऱ्यावर ‘अन्सारी’ असेल तर दुरुस्ती आणि वारसा प्रमाणपत्राचं काम आजच हाती घ्या. मोहल्ल्यातल्या संस्थांनी जुम्याच्या नमाजानंतर तासभर मदतीचं टेबल लावलं, तरी पुष्कळ होईल.

आणि हे काम एकट्याने करू नका. लालबागच्या चाळीतला वारसही त्याच रांगेत उभा आहे. गिरणीने दोघांना एका खात्यात आणलं होतं. निदान घराच्या मागणीसाठी तरी पुन्हा एकत्र यायला हवं.