बाईलाच का विचारता?



आमच्या तालुक्याच्या गावी नगराध्यक्षपदी एक बाई आहेत. बरीच वर्षं प्रशासकांच्या हाती राहिलेल्या नगरपरिषदांच्या निवडणुका 2025 च्या डिसेंबरात झाल्या, तेव्हा त्या थेट लोकांमधून निवडून आल्या. आमच्या गटातल्या कितीतरी जणी त्यांच्यासाठी दारोदार हिंडल्या. त्याच बाईंना गेल्या महिन्यात आम्ही प्रश्नांचं एक पत्र दिलं, आणि तेव्हापासून मी एकच सवाल ऐकते आहे: "इतकी वर्षं पुरुषांनी खाल्लं, तेव्हा कुणी हिशेब मागितला? आता बाईलाच का विचारता?"

सवाल करणाऱ्यांत आमच्या गटातल्याही काही जणी आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. गावाचं आणि बाईंचं नाव लिहीत नाही, कारण चौकशी झालेली नाही. तुमच्यापैकी पुष्कळ जणींना आपलंच गाव आठवेल, ही गोष्ट वेगळी.

विषय एका अभ्यासदौऱ्याचा आहे. कचऱ्याचा प्रश्न कसा सोडवावा हे पाहायला नगरपरिषदेची मंडळी इंदूरला गेली. यात गैर काही नाही. स्वच्छ सर्वेक्षणात 2017 पासून सलग पहिलं येत गेलेलं ते शहर आहे, शिकण्यासारखं तिथे भरपूर आहे. पण कचऱ्याचा अभ्यास दीड दिवसात आटोपला आणि उरलेले दिवस उज्जैन, ओंकारेश्वर आणि मांडू यांत गेले. देवदर्शनाला माझी हरकत नाही, ते ज्याचं त्यानं आपल्या पैशानं करावं. परत आल्यावर सभेपुढे अहवाल आला तो एक पान, त्यात आपल्या गावात उद्यापासून काय बदलायचं याची एक ओळ नाही.

हा खर्च टाकला कुठे, तर महिला व बालकल्याणाच्या लेखाशीर्षावर! पाच टक्के निधी बायका-मुलांसाठी राखून ठेवायचा, या नियमाच्या अंमलबजावणीसाठी ठिकठिकाणच्या बायकांनी मोर्चे काढले आहेत. त्या पैशातून बाजारात बायकांसाठी मुतारी व्हायला हवी. भाजी विकायला पहाटे येणारी बाई दुपारपर्यंत पाणी पीत नाही, का ते तिला विचारा. दौऱ्यात चार नगरसेविका होत्या, म्हणून तो 'महिला सक्षमीकरण' ठरला. बाकीचे पुरुष कोणत्या खात्यात सक्षम झाले, ते कागदावर नाही.

माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून आम्ही व्हाउचरं मागितली. गाडीभाडं मिळालं, जेवणाची बिलं मिळाली. मुक्कामाचं एकही बिल मिळालं नाही. पाच रात्री ही माणसं राहिली कुठे? सोबत कोण कोण होतं, या प्रश्नावर 'वैयक्तिक माहिती' असं उत्तर आलं. ही पळवाट 2005 च्या कायद्यात होतीच, पण तिथे लोकहिताची अट होती. 2023 च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यानं कलमातली ती अटच काढून टाकली. यादी दिली नाही तरी फोटो गावभर फिरत होते. त्यांत बाईंचे यजमान आहेत, आणि त्यांच्या शेजारी गावातले एक मोठे बिल्डर उभे आहेत. ते नगरसेवक नाहीत, अधिकारी नाहीत. कचऱ्यात त्यांना इतका रस असल्याचं यापूर्वी कधी दिसलं नव्हतं.

जनतेच्या पैशाचं फुगवलेलं बिल निदान हातात येतं, त्यावर भांडता येतं. मला जास्त काळजी वाटते ती न लागलेल्या बिलाची. ते कुणीतरी भरलेलं असतं, आणि त्याची वसुली गावाकडून दुसऱ्या वाटेनं होते.

दौऱ्यानंतरच्या पहिल्याच सर्वसाधारण सभेत, विषयपत्रिकेवर नसलेला एक विषय 'आयत्या वेळचा' म्हणून आला. मंजूर विकास आराखड्यात स्टँडमागची जी जागा प्रसूतिगृहासाठी राखीव आहे, ती निवासी करावी, असा. लगतची जमीन याच बिल्डरांची. चर्चा झाली नाही, ठराव एकमतानं मंजूर असं इतिवृत्तात आहे. आज आमच्या गावच्या बाळंतिणीला अडचण आली की जीपमध्ये घालून जिल्ह्याला न्यावं लागतं. रस्त्यातच बाळंत झालेल्या दोघी तर आमच्याच गटात आहेत. म्हणजे हा वाद सहलीचा वाटला, तरी तो या जागेचा आहे.

कायदा काय म्हणतो? 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे परिषदेच्या कंत्राटात ज्याचा हितसंबंध आहे त्याला नगरसेवक राहता येत नाही. पण आरक्षण हलवणं हे कंत्राट नव्हे आणि पाहुणचार ही भागीदारी नव्हे, असा युक्तिवाद करणारे वकील गावोगाव आहेत. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं अकरावं कलम मात्र स्पष्ट आहे: ज्याचं काम आपल्यापुढे आहे त्याच्याकडून लोकसेवकानं फुकट काही घेणं, हाच गुन्हा. बदल्यात त्याचं काम केलं की नाही, हा पुढचा प्रश्न. तो खर्च बिल्डरांनी केला असं मी म्हणत नाही. कुणी केला, एवढंच विचारते आहे. बाईंनी स्वतः केला असेल तर पावती दाखवावी, आम्ही पुढच्या अंकात ती छापू.

हात वर केल्यानं काय होतं, ते जळगावला दिसलं. झोपडपट्टीतल्या गरिबांसाठी घरकुलं बांधायची योजना, बिल्डरला सवलतींवर सवलती, आणि त्या ठरावांवर सभागृहाची संमती. 2006 साली तिथल्या आयुक्तांनीच फिर्याद दिली. 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयानं 48 जणांना दोषी ठरवलं. त्यांत माजी मंत्री होते, तशाच नगरसेविकाही होत्या. पुढे अपिलं झाली, जामीन मिळाले; पण त्या बायकांची नावं आरोपींच्या यादीत तेरा वर्षं राहिली, आणि घरकुलाची वाट बघणाऱ्या बायका झोपडीतच राहिल्या. आमच्या गावचं प्रकरण तेवढं मोठं नाही. सुरुवात कशी होते, एवढ्यासाठी आठवण केली.

आता मूळ सवाल. बाईलाच का? बाईला जास्त कठोरपणे मोजलं जातं हे खरंच आहे. आधीचे अध्यक्ष कुठे कुठे जाऊन आले, कुणी विचारलं नाही. या बाईंच्या मात्र गॉगलवर, साडीवर, नवऱ्याशेजारी हसण्यावर चौकात शेरे मारले जातात. त्या शेऱ्यांचा आम्ही पत्रातच निषेध केला आहे. मागच्या दहा वर्षांतल्या सगळ्या दौऱ्यांचे हिशेबही त्याच पत्रात मागितले आहेत. ते पुरुषांचेच आहेत.

दुसरी सबब मला अधिक टोचते. "त्यांना बिचारीला काय कळतं, सगळं यजमानच बघतात." बाईंच्या बाजूनं बोलणारेच हे बोलतात! महाराष्ट्रात 1990 साली तीस टक्के जागा आल्या, 1993 पासून राज्यघटनेनं एक तृतीयांश दिल्या, 2011 साली निम्म्या झाल्या. सही कुठे करायची हे नवरा बोट ठेवून दाखवील, यासाठी का ते सगळं झालं? बाईंना मी ओळखते. बचतगटाचा पै-पैचा हिशेब त्यांनी अकरा वर्षं तोंडपाठ ठेवला होता. त्यांना कळत नाही असं म्हणणं हा त्यांचा अपमान आहे, आणि त्यांना विचारायचं नाही, हाही.

ठरावाची सूचना वर्तमानपत्रात आली आहे. नगररचना कायद्याच्या 37 व्या कलमाप्रमाणे महिनाभर हरकती घेता येतात, त्यातले एकोणीस दिवस उरलेत. हरकत साध्या कागदावर चालते, मराठीत चालते, अंगठा उठवलेला असला तरी चालतो. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ठरावाची अंमलबजावणी थांबवायचा अधिकार 308 व्या कलमानं जिल्हाधिकाऱ्यांना आहे, तिकडेही अर्ज गेला आहे. मंगळवारी बाजाराच्या दिवशी स्टँडजवळ आम्ही टेबल मांडून बसतो. बाईंनाही निरोप दिला आहे, त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली आहे.