‘बट’ म्हणजे केवळ ‘पण’ नव्हे

घरांतील मुलें इंग्रजी शिकूं लागलीं कीं, ‘बट’ म्हणजे ‘पण’ हें समीकरण त्यांच्या वहींत लवकरच उतरतें. समीकरण खोटें नाहीं. अपुरें मात्र आहे.

इंग्रजींत दोन स्वतंत्र वाक्यें विरोधानें जोडावयाचीं असल्यास ‘बट’ व ‘येट’ हे दोन शब्द मुख्यतः उपयोगी पडतात. पैकीं ‘बट’ तीन कामें करतो. ‘राम उंच आहे, पण गोविंद ठेंगणा आहे’ यांत नुसती तुलना आहे. ‘पाऊस पडला, पण विहीर भरली नाहीं’ यांत अपेक्षाभंग आहे. येथें ‘येट’ही चालतो, व आपल्या ‘तरीही’प्रमाणें आश्चर्य अधिक दाखवितो. पहिल्या वाक्यांत तो शोभणार नाहीं. कारण रामाच्या उंचीवरून गोविंदाच्या उंचीची अपेक्षा कोणी करीत नाहीं. तिसरें काम दुरुस्तीचें. ‘त्यांनीं भांडण वाढविलें नाहीं, तर मिटविलें’ येथें मराठीस ‘तर’ लागतो. इंग्रजीस तोच ‘बट’ पुरतो.

उलटपक्षीं, ‘जरी–तरी’ ही आपली जोडी इंग्रजीस मानवत नाहीं. ‘ऑल्दो’नें आरंभ करून पुढें ‘बट’ घालणें ही आपल्या मुलांची नेहमींची चूक होय. दोहोंपैकीं एकच शब्द ठेवावा.

मराठी व्याकरणांत ‘पण’, ‘परंतु’ यांस न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्ययें म्हणतात. पहिल्या विधानांत कांहीं उणें आहे, असें दुसरें विधान सुचवितें. म्हणूनच ‘हुशार, पण आळशी’ आणि ‘आळशी, पण हुशार’ यांतील शब्द तेच असूनही निकाल निराळा लागतो. इंग्रजी ‘बट’चीही हीच तऱ्हा आहे; भार पडतो तो उत्तरार्धावर.

आतां, अपेक्षाभंग म्हटला म्हणजे अपेक्षा कोणाची, हा प्रश्न आलाच. ती बोलणाऱ्याची असते. ‘गरीब, पण प्रामाणिक’ असें म्हणणारा मनुष्य गरिबांविषयींचें आपलें मत न बोलतां बोलून जातो. ‘मुलगी आहे, पण गणितांत हुशार आहे’ हें वाक्य तर सुशिक्षित घरांतही कौतुकानें उच्चारिलें जातें. ऐकणाऱ्या मुलीला जसें गणित कळतें, तसा तो ‘पण’ही कळतो. ती गणितांत हुशार आहे, एवढेंच म्हणणें पुरे. मुलांस ‘बट’ शिकवितांना वडील मंडळींनीं आपले ‘पण’ही एकदां तपासून पाहावेत, अशी आमची सूचना आहे.