कोळशाच्या राज्यात अणुभट्टी आणि अपघाताचे गणित

मार्च २०२५ मध्ये रायपूरला झालेल्या ऊर्जा गुंतवणूकदार परिषदेत छत्तीसगडसाठी एनटीपीसीच्या ४,२०० मेगावॉटच्या, सुमारे ८० हजार कोटींच्या अणुऊर्जा प्रकल्पाची घोषणा झाली. चर्चा रंगली ती गुंतवणुकीच्या आकड्यांची. भट्टीचा थंडावा खंडित झाला तर काय, हा प्रश्न कोरब्याच्या कोळशावर पोसलेल्या राज्याला नवा आहे. देशाला मात्र नाही. ३१ मार्च १९९३ रोजी नरोरा केंद्रातील टर्बाइनगृहात आग लागली आणि सुमारे १७ तास केंद्र विजेविना राहिले. डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी त्या दिवशी लाज राखली.

इंधन वितळू लागल्यावर पुढे काय घडते, हे चालत्या भट्टीत तपासता येत नाही. ते संगणकीय प्रारूपांवर मांडावे लागते आणि ती प्रारूपे इतरांच्या प्रारूपांशी ताडून पाहावी लागतात. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने सहकार्य थांबविले आणि जड पाण्याच्या भट्ट्यांबाबत भारत एकाकी पडला. ही कोंडी फुटण्यास दीर्घ काळ लागला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००९ मध्ये हाती घेतलेल्या संशोधनात तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अणुऊर्जा महामंडळ हे कॅनडा, दक्षिण कोरिया, चीन व रुमानिया येथील संस्थांसह सहभागी झाले. सर्वांपुढे प्रसंग एकच होता: केंद्राची वीज पूर्णतः गेली आहे आणि कर्मचाऱ्यांकडून कोणताही हस्तक्षेप नाही. या भट्टीत इंधननलिकांभोवती जड पाणी आणि त्याबाहेरील कोठीत साधे पाणी असते, म्हणून काही तासांची उसंत मिळते. घटनाक्रमावर बहुतांशी एकमत झाले. गाभा ढासळण्याच्या टप्प्याबाबत मात्र उत्तरे जुळली नाहीत. हा मतभेद केवळ शास्त्रज्ञांचा नव्हे. गावे रिकामी करण्यास किती अवधी हाती आहे, याचा अंदाज याच गणितातून बांधायचा असतो.

फुकुशिमानंतर सप्टेंबर २०११ मध्ये लोकसभेत मांडलेले अणुसुरक्षा नियामक प्राधिकरणाचे विधेयक २०१४ मध्ये सभागृहाबरोबरच लयाला गेले. डिसेंबर २०२५ च्या ‘शांती’ कायद्याने अणुऊर्जा नियामक मंडळाला अखेर वैधानिक दर्जा दिला आणि त्याच कायद्याने खासगी उद्योगांना दारही उघडले. मंडळाची खरी कसोटी आता लागेल.

केंद्राच्या कुंपणाबाहेरील आपत्कालीन व्यवस्था जिल्हा प्रशासनाच्या शिरावर असते. तेव्हा नवा रायपूरच्या महानदी भवनाने भूसंपादनाच्या कागदांबरोबरच ही गणितेही मागवून घ्यावीत.