चौक बंद करण्याआधी

अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. म्हणून तिथले डावे वळण म्हणजे आपले उजवे वळण: समोरून येणाऱ्या वाहनांना छेदून जाणारे. डेट्रॉइटजवळ नोकरीला गेलो, तेव्हा वुडवर्ड ॲव्हेन्यूच्या चौकांत या वळणाला मनाई दिसली. आधी सरळ पुढे जायचे, दुभाजकातून यू-टर्न घ्यायचा, मागे येऊन उजवीकडे वळायचे. १९६० च्या दशकात रुळलेल्या या पद्धतीला ‘मिशिगन लेफ्ट’ म्हणतात.

मला तो द्राविडी प्राणायाम वाटला. मग हिशेब समजला. नेहमीच्या चौकात वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांना भिडतात, इथे १६ ठिकाणी. वळणासाठी वेगळा सिग्नलही लागत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच करतो. वापरणाऱ्याला ‘सांभाळून वाग’ सांगण्यापेक्षा चुकीची जागाच काढून टाकतो.

पण सोलापूरहून अब्बा आले आणि त्या आठ लेनच्या रस्त्यावर मधल्या दुभाजकावरच अडकले. “गाड्यांची सोय झाली रे, माणसाची कुठंय?” त्यांनी विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. यू-टर्नसाठी दुभाजक रुंद लागतो, आणि तो ओलांडणे पायी चालणाऱ्याच्या वाट्याला येते.

आपल्या शहरांतही आता बॅरिकेड लावून चौक बंद होतात आणि पुढे यू-टर्न दिला जातो. त्याला माझा विरोध नाही. मात्र झेब्रा पट्टे कुठे असतील, म्हाताऱ्या माणसाला ओलांडायला किती सेकंद मिळतील, हे आपण नागरिकांनी बॅरिकेड लागण्याआधी विचारले पाहिजे.